गाळणी भरते तेव्हा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची नात एका विद्यापीठाच्या रसायनशाळेत आठ आठवडे काम शिकायला जात होती. शाळेतल्या मुलांनाही इथे असे घेतात, हे आम्हाला नवीनच होते. आमच्या रेवदंड्याच्या शाळेत रसायनशास्त्र म्हणजे एक कपाट, त्याला एक कुलूप आणि त्याची किल्ली मास्तरांच्या कोटाच्या खिशात. नात मात्र रोज संध्याकाळी क्युपर्टिनोच्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि सांगायची, आज माझे गोळे जमले, आज माझे गोळे फुटले. आम्हाला वाटे, ही रसायनशाळेत जाते की लाडू वळायला?

एके दिवशी तिने फोनवर त्या गोळ्यांचा फोटो दाखवला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला, काळापांढरा. चष्मा पुसून पाहिले, तर नारळाच्या करवंट्यांचा ढीग! काही अख्ख्या, काही फुटलेल्या, आणि फुटलेल्यांच्या आत काहीच नाही.

"अगं, ह्या तर करवंट्या!"

"आजी, केसाच्या जाडीवर अशा दोन-अडीचशे करवंट्या ओळीने मावतील," ती म्हणाली.

ह्या करवंट्या लोखंडाच्या गंजाच्या. दूषित पाण्यात टाकल्या की पाण्यातले आर्सेनिक, शिसे, क्रोमियम त्यांना चिकटते आणि पाणी स्वच्छ होते. आमचा पहिला प्रश्न बाईमाणसाचा होता. एवढा खटाटोप करून पोकळ कशाला करायचे? भरीव का नको? तिने दिलेले उत्तर आम्ही आमच्या भाषेत सांगतो. लाडू पाण्यात टाकला तर पाणी त्याला बाहेरूनच लागते. आतल्या पिठाला पाण्याची गाठ पडत नाही. फुगलेल्या पुरीला भोके असली, तर पाणी बाहेरूनही लागेल आणि आतूनही. तेवढ्याच पिठात कितीतरी जास्त अंग मोकळे झाले. विष चिकटते ते अंगाला. म्हणून जितके अंग जास्त, तितकी सफाई जास्त.

करण्याची रीत तर आम्हाला फारच आवडली, कारण ती साखरेपासून सुरू होते. ग्लुकोज पाण्यात विरघळवायचे, ते पाणी जाड पोलादी डब्यात घट्ट बंद करायचे आणि डबा भट्टीत १८० अंशांवर काही तास ठेवायचा. (आपला प्रेशर कुकर १२० अंशांच्या आसपास असतो.) आत साखर करपून तिचे कोळशाचे बारीक, गोल, जवळजवळ एका मापाचे मणी होतात. हे मणी लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवले की लोखंड त्यांच्या अंगाला बसते. मग वाळवून उघड्या हवेत चार-पाचशे अंशांवर भाजायचे. आतला कोळसा जळून वायू होऊन निघून जातो आणि बाहेरचे लोखंडाचे कवच तेवढे मागे राहते. म्हणजे साचा जाळायचा आणि साच्यावरचा थर ठेवायचा. दुसऱ्या रीतीत साचा वाळूच्या जातीच्या सिलिकाचा असतो. असे एकसारखे सिलिकाचे मणी करण्याची कृती वेर्नर श्टोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली होती, ती अजून चालते. तो साचा जाळत नाहीत, कॉस्टिक सोड्यात विरघळवतात.

तिसऱ्या रीतीला साचाच लागत नाही. अर्नेस्ट कर्केंडॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४७ साली दाखवले, की पितळ आणि तांबे एकमेकांना चिकटवून तापवले तर पितळातले जस्त बाहेर पडते भराभर, आणि तांबे आत शिरते सावकाश. जाणारे जास्त, येणारे कमी, म्हणून आत पोकळ्या पडतात. धातूकाम करणाऱ्यांना ही डोकेदुखी वाटे. २००४ साली आमच्या घरापासून तासाभरावर असलेल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी ह्याच दोषाचा उपयोग करून कोबाल्टचे पोकळ कण तयार केले. नात हे सांगत होती आणि आम्हाला आमची रेवदंड्याची आळी दिसत होती. आपली माणसे गेली भराभर, त्या घरांत कोणी आले ते सावकाश. अलिबाग, पेण, पनवेल, सगळीकडे तेच. असो.

आम्ही पेशाने नर्स. मुंबईत शिकलो, इस्राएलात चौदा वर्षे इस्पितळात काम केले, १९९८ साली यजमानांच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात आलो आणि निवृत्त होईपर्यंत डायलिसिसच्या कामात होतो. त्यामुळे पोकळ वस्तू पाणी साफ करते ह्याचे नातीला जेवढे नवल, तेवढे आम्हाला नव्हते. आमची भाकरी पोकळीवरच भाजली गेली. डायलिसिसची नळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक असेल, की तिच्या आत साधारण दहा हजार पोकळ तंतू असतात. प्रत्येकाची आतली रुंदी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. तंतूंच्या आतून रक्त, बाहेरून पाणी. चार तासांच्या एका खेपेला सुमारे १२० लिटर पाणी त्या रक्ताशेजारून वाहते. तुम्हीआम्ही दिवसाला दोन लिटर पाणी पितो, त्याला जठर आहे, यकृत आहे, मूत्रपिंडे आहेत. त्या रोग्याच्या रक्तात आणि पाण्यात कागदाहून पातळ पडदा. म्हणून डायलिसिसच्या पाण्याचे सोवळे फार कडक.

नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते, पुष्कळ गावी क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेले क्लोरामाइन असते. पिणाऱ्याला त्याचे काही होत नाही, पण रक्तात गेले तर तांबड्या पेशी फुटतात. ते काढण्यासाठी दोन मोठ्या टाक्या एकीपुढे एक लावलेल्या असतात, आत कोळसा. हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटी जाळून तिचा कोळसा, आणि तो आठ-नऊशे अंशांवर वाफेत भाजला की त्याच्या अंगात असंख्य बारीक बिळे पडतात. असा एक ग्रॅम कोळसा घेतला तर त्याच्या बिळांच्या भिंतींचे क्षेत्र सुमारे एक हजार चौरस मीटर, म्हणजे आपल्या कोकणातली दहा गुंठे जमीन भरते. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत, शनवार तेली म्हणून ओळखले जात. त्यांनी खोबऱ्याचे तेल काढले आणि करवंटी चुलीत घातली. करवंटीला एवढा भाव येईल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

म्हणून नातीला आमचा दुसरा प्रश्न नर्सचा होता.

"ह्या करवंट्या भरल्या, हे कळतं कसं? आणि भरल्यावर त्यांचं काय करता?"

"कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतो, आजी. आर्सेनिक सुटून येतं. मग त्याच पुन्हा वापरतो. पाच वेळा धुतल्या तरी चालतात."

"आणि ते धुतलेलं पाणी?"

"ते पिंपात ओततो. पिवळी चिठ्ठी लावतो. मंगळवारी माणूस येऊन घेऊन जातो."

"कुठे?"

ती थोडी थांबली. "माहीत नाही. कोणी सांगितलं नाही."

हा प्रश्न आम्ही उगाच विचारला नव्हता. त्याच्यामागे एक सकाळ आहे. आजवर ती आम्ही घरातल्या माणसांखेरीज कोणाला सांगितली नाही.

आमच्या नोकरीच्या काळातली गोष्ट. केंद्राचे नाव येथे देत नाही. पहाटे पाच वाजता पहिली पाळी लागे. रोगी यंत्राला लावण्याआधी कोळशाच्या टाकीपुढच्या तोटीतून नमुना घ्यायचा, त्यात औषधाची पूड टाकायची आणि रंग पाहायचा. पाणी स्वच्छ राहिले तर ठीक, गुलाबी झाले तर क्लोरीन निसटते आहे, म्हणजे कोळसा भरला. मर्यादा लिटरला एक दशांश मिलिग्रॅम. मग वहीत आकडा लिहून सही. हे दर पाळीला करायचे. वर्षानुवर्षे तो नमुना स्वच्छच निघतो. त्यामुळे हात आपोआप लिहितो. त्या पहाटे आम्हाला उशीर झाला होता, रोगी दारात थंडीत उभे होते, आणि आम्ही पूड टाकली पण रंग नीट न पाहताच शून्य लिहून सही केली. आमच्या आधीच्या पानांवरही शून्येच होती. त्यांतली किती पाहून लिहिलेली आणि किती न पाहता, हे ज्याचे त्याला ठाऊक. पहिली टाकी केव्हाच भरून गेली होती आणि दुसरी भरत आली होती.

चार तासांनी दुसऱ्या पाळीच्या मुलाने नमुना घेतला, तर गुलाबी. त्याने धावत येऊन सांगितले. आम्ही सगळी यंत्रे थांबवली. एका म्हाताऱ्या बाईला धाप लागली होती आणि नळीतले रक्त जांभळट दिसत होते. तिला इस्पितळात हलवले, दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. सातव्या दिवशी ती परत आली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. चौकशी झाली, टाक्या बदलल्या, वहीचा नमुना बदलला. त्या बाईने आम्हाला काही विचारले नाही. आम्हीच तिच्याजवळ जाऊन सांगितले, की त्या सकाळची सही आमची होती. ती आमच्याकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मग इथून पुढे माझ्या दिवशी तुम्हीच तपासा." पुढे तिचे डायलिसिस चालू होते तोवर, आठवड्यातून तीन दिवस, आम्ही ते पाणी उजेडात धरून तिला लांबून दाखवत असू. ती मान हलवी. मग आम्ही सुई लावत असू.

तेव्हापासून कोणी म्हणाले की अमुक पदार्थ पाणी शुद्ध करतो, की आमच्या तोंडून पुढचा प्रश्न निघतोच.

आता हे सगळे क्युपर्टिनोत बसून लिहिण्याचे कारण सांगतो. आज जिथे ॲपल कंपनीची ती प्रचंड गोल इमारत आहे, त्या भागात एके काळी जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागा होत्या. १९५५ साली हे शहर झाले. मग बागा तोडून कारखाने आले, सिलिकॉनच्या चकत्यांवर बारीक नक्षी कोरणारे. त्या चकत्या धुवायला तेलकट मळ काढणारी द्रावणे लागत. कारखान्यांना धुराडी नव्हती, बाहेर हिरवळ होती, लोक त्यांना स्वच्छ उद्योग म्हणत. द्रावणे जमिनीखालच्या टाक्यांत ठेवलेली असत आणि त्या टाक्या गळत होत्या. १९८१ च्या अखेरीस सॅन होजेच्या फेअरचाइल्ड कारखान्याची टाकी गळून द्रावण पिण्याच्या विहिरीपर्यंत पोचल्याचे उघड झाले. जवळच्या वस्तीत गर्भपात आणि मुलांचे जन्मदोष जास्त आहेत असे तिथल्या आयांच्या लक्षात आले होते. राज्याच्या आरोग्य खात्याने पाहणी केली, ते प्रमाण जास्त असल्याचे आढळलेही, पण ते ह्या पाण्यामुळेच असे सिद्ध करता आले नाही. मग जिकडेतिकडे जमीन तपासली गेली. एकट्या सांता क्लारा काउंटीत २३ जागा केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत लागल्या. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत इतक्या नाहीत. आमच्या क्युपर्टिनोतली जागा टँटॉ अव्हेन्यू आणि होमस्टेड रोडपाशी, त्या गोल इमारतीच्या अगदी शेजारी. १९९० साली ती यादीत आली. आम्ही रोज सकाळी फिरायला जातो ती वाट तिथूनच जाते. तिथे पाहण्यासारखे काहीही नाही. जे आहे ते जमिनीखाली.

वाचकांना भीती वाटू नये म्हणून सांगतो, नळाला येणारे पाणी तपासलेले असते. दूषित झाले ते मुख्यत्वे वरच्या थरातले भूजल.

त्या यादीत पुन्हा पुन्हा येणारे नाव म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. हे नाव आम्ही इथे पहिल्यांदा वाचले तेव्हा चमकलो. आमच्या वयाच्या सिस्टरना त्याचे दुसरे नाव आठवेल: ट्रायलीन. १९७७ च्या सुमारास मुंबईच्या प्रसूतिकक्षात आम्ही विद्यार्थिनी होतो तेव्हा निळ्या रंगाचे हे औषध बाटलीत असे. ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळलेला असे. कळा फार झाल्या की बाईच्या हातात मुखवटा द्यायचा, तिने स्वतःच तो नाकाशी धरून हुंगायचा. गुंगी आली की हात आपोआप खाली पडतो, मुखवटा बाजूला होतो, म्हणून ते सुरक्षित असे आम्हाला शिकवले होते. गोडसर वास. किती बायांच्या हातात आम्ही तो दिला, गणती नाही. तेच द्रव्य इथे चकत्या धूत होते. २०११ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते माणसाला कर्करोग करणारे म्हणून नोंदवले, आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याच्यावर बंदी घालणारा नियम जाहीर केला. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम. आम्ही कागदावर हिशेब मांडला: एक थेंब चौदा-पंधरा हजार लिटर पाणी ह्या मर्यादेपर्यंत नासवतो. म्हणजे दीड टँकर.

ते काढायचे कसे? पहिला उपाय उपसण्याचा. विहिरी खणायच्या, पाणी वर काढायचे, हवेने किंवा कोळशाच्या टाक्यांतून साफ करायचे. वर्षामागून वर्षे पंप चालू. दुसरा उपाय मात्र चमत्कारिक आहे आणि तो आमच्या शेजारच्या सनीव्हेलमध्ये झाला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रॉबर्ट गिलहॅम आणि त्यांचे सहकारी भूजलाचे नमुने घेण्याच्या नळ्या तपासत होते. कुठल्या नळीला किती द्रावण चिकटते, एवढाच प्रश्न. तेव्हा आढळले, की धातूच्या नळ्यांत द्रावण नाहीसेच होते आहे. लोखंड गंजताना त्या रेणूतला क्लोरीन ओढून काढते आणि मागे निरुपद्रवी वायू उरतो. ह्यावरून सनीव्हेलच्या एका जुन्या सेमीकंडक्टर कारखान्याच्या जागी १९९५ साली जमिनीत सुमारे चार फूट जाडीची लोखंडाच्या भरड कणांची भिंत पुरली गेली. पाणी आपल्या वाटेने वाहते, भिंतीतून जाते, पलीकडे साफ होऊन निघते. पंप नाही, वीज नाही. व्यापारी पातळीवर पूर्ण मापाची अशी भिंत जगात पहिल्यांदा तिथे झाली. घरातल्या तव्याला चढलेला गंज आम्ही जन्मभर घासून काढला, त्याच गंजाची ही करामत.

पुढे हेच लोखंड अतिसूक्ष्म कणांच्या रूपात वापरायची टूम निघाली. कण जितका बारीक तितके काम जलद, पण बारीक कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. मग त्यांना पोकळ कवचात एकेकटे ठेवावे, म्हणजे अंड्यातल्या बलकासारखे, अशा कल्पना आल्या. नातीचे गोळे ह्याच कुळातले.

इथे एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली आणि ती महत्त्वाची आहे. ट्रायक्लोरोइथिलीन हा जोडलेला रेणू आहे, तो मोडता येतो. लोखंडाची भिंत त्याला मोडते. आर्सेनिक, शिसे, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. क्रोमियमचा जहाल प्रकार सौम्य करता येतो, पण मूलद्रव्य संपत नाही. ते पाण्यातून काढले तर दुसरीकडे ठेवावेच लागते. कोळसाही मोडत नाही, नुसता धरून ठेवतो. तेव्हा प्रत्येक गाळणीला विचारायचे, तू मोडतेस की धरतेस? धरत असशील, तर किती दिवस, आणि नंतर कोणाच्या दारी?

हा शेवटचा प्रश्न काही शोध-पत्रकारांनी २०१४ साली ह्याच खोऱ्याला विचारला होता. इथल्या भूजलाची सफाई करून भरलेला माल कुठे जातो, ह्याचा माग त्यांनी घेतला. तो माग ॲरिझोनातल्या पार्करपाशी, कोलोरॅडो नदीकाठच्या आदिवासींच्या राखीव जमिनीवरच्या कारखान्यापर्यंत गेला. तिथे भरलेला कोळसा भट्टीत भाजून पुन्हा ताजा केला जाई. क्युपर्टिनोत घरांच्या किमती ऐकून छाती दडपते. पार्करला काय किमती आहेत, आम्ही पाहिल्या नाहीत, पण अंदाज बांधता येतो. हे वाचून आम्हाला आमची कुंडलिका आठवली. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे, आणि रोह्याहून खाली येऊन नदी रेवदंड्यालाच समुद्राला मिळते. देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तिचे नाव लागले आहे. वरच्यांनी सोडायचे, खालच्यांनी घ्यायचे. त्या खाडीच्या काठी लहानपणी आम्ही कोळणींकडून बोंबील घेत होतो.

असे नाही की भरलेल्या गाळणीचा विचार कोणी केलाच नाही. पुण्याला हडपसरच्या टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेची गाळणी तयार झाली. तुसाची राख म्हणजे सच्छिद्र सिलिका आणि थोडा कोळसा. आपण तिने भांडी घासली, दातही घासले. तिच्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण घालून २००९ साली टाटा स्वच्छ नावाचे यंत्र बाजारात आले, किंमत ७४९ रुपयांपासून. विजेशिवाय जंतू मारणारे. रसायनांवरचा तो उपाय नव्हे. पण त्यातली एक युक्ती आम्हाला सगळ्या नॅनोपेक्षा जास्त भावली. सुमारे तीन हजार लिटर पाणी गेले की ती गाळणी आपणहून पाण्याची वाट बंद करी. थकले, आता बदला, असे तीच सांगे. आमच्या त्या कोळशाच्या टाकीला अशी जीभ असती तर!

शास्त्रज्ञ पोकळीच्या मागे किती लागले आहेत ते २०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलवरून दिसले. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि बर्कलीचे ओमर याघी ह्या तिघांना ते मिळाले. धातूचे अणू कोपऱ्यांना आणि कार्बनी रेणू काठ्यांसारखे मध्ये, अशी ही घरे. आत नुसत्या खोल्याच खोल्या. काहींच्या एका ग्रॅमात सात हजार चौरस मीटर, आमच्या हिशेबाने सत्तर गुंठे. याघी अम्मानमध्ये निर्वासित कुटुंबात वाढले, घरी पाण्याची मारामार होती. त्यांच्या पदार्थांनी वाळवंटातल्या हवेतून पाणी काढून दाखवले आहे. ज्याने बालपणी पाणी मोजून वापरले त्याच्या हातून हे व्हावे, ह्यात आम्हाला आश्चर्य वाटले नाही.

नातीकडे वळतो. सुट्टी संपताना मुलांना आपले काम एका मोठ्या कागदावर मांडून दाखवायचे होते. तिच्या तक्त्यात एक ग्रॅम गोळे किती मिलिग्रॅम आर्सेनिक धरतात, किती मिनिटांत धरतात, कितव्या धुण्याला ताकद किती उरते, सगळे आकडे होते. तिने आम्हाला मराठीतून समजावून सांगितले, मध्ये मध्ये अडखळत. आम्ही म्हटले, "बाळ, सगळ्यात शेवटी एक रकाना वाढव. धुतलेलं पाणी कुठे गेलं?"

"आजी, तिथे लिहायला माझ्याकडे काही नाही."

"मग रिकामा ठेव. पण रकाना असू दे."

तिने ठेवला. बघायला आलेल्या एका प्राध्यापिकेने त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ प्रश्न विचारले, आणि आकड्यांबद्दल फारसे नाही. नात घरी आली ती थोडी रागावलेली, थोडी खूश. पुढच्या मंगळवारी ती सुट्टी नसतानाही रसायनशाळेत गेली आणि पिंप न्यायला आलेल्या माणसाला गाठून विचारले. त्याने आपण ते कुठल्या गावी उतरवतो ते सांगितले. तिथे तिने पत्र पाठवले, तर उत्तर आले की आम्ही फक्त साठवतो, पुढे दुसरे नेतात. त्या दुसऱ्यांना तिने लिहिले आहे. अजून उत्तर नाही.

त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखाली पाणी ठिबकू लागले म्हणून आम्ही वाकून आतला फिल्टर बाहेर काढला. कोळशाचाच तो. दर सहा महिन्यांनी बदलायचा, म्हणून बसवताना त्याच्यावर तारीख घालण्याची सवय आमचीच. शाईची तारीख आमच्या अक्षरात होती. नातीने बोटांवर महिने मोजले. चौदा भरले.